अभिप्रायांची माळ

पुस्तकांच्या दुकानांत गेल्यावर आपण एखादें नवें पुस्तक हातीं घेतां आणि पहिलें पान उघडण्यापूर्वीं तें उलटें करून मागची बाजू पाहतां. तेथें चारदोन ओळी छापलेल्या असतात. अमुक वर्तमानपत्राच्या मतें पुस्तक अत्यंत वाचनीय आहे; तमुक मासिकाच्या मतें तें प्रत्येक घरीं असावयास हवें. आपण क्षणभर थबकतां, आणि पुष्कळ वेळां पुस्तक घ्यावें कीं ठेवावें याचा निर्णय तेथल्या तेथेंच होऊन जातो.

प्रकाशनसंस्थांना या ओळींचें मोठें कौतुक असतें. आपलें नांव कोठें छापून आलें कीं संस्थेचे चालक तें कात्रण जपून ठेवतात, चौकटींत बसवून कचेरींत लावतात आणि पुढच्या जाहिरातींत त्याचा गौरवानें उल्लेख करतात. यांत गैर असें कांहीं नाहीं. मुलाच्या प्रगतिपुस्तकावरील चांगला शेरा बाप शेजाऱ्यास दाखवितो, तशांतलाच हा प्रकार. मी पस्तीस वर्षें मास्तरकी केली. त्या अनुभवावरून एवढेंच सांगतों कीं, शेरा कोणता आहे हें पाहण्यापूर्वीं तो मास्तरानें दिला कीं मुलानें स्वतःच लिहिला, हें पाहून घ्यावें लागतें.

छापील स्तुतीच्या या व्यापाराचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. तो आज मी आपणांपुढें मांडणार आहें. माझें शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेलें नाहीं. तेव्हां पंडिताचें व्याख्यान म्हणून हें ऐकूं नये. वाचनाची आवड असलेल्या एका शिक्षकाचें टिपण म्हणून ऐकावें. माझ्या कपाटांत एक लहानसें पुस्तक आहे. त्याच्या पाठीवरहि असे तीन अभिप्राय छापलेले आहेत. त्या पुस्तकाकडे मी शेवटीं येईन.

आरंभ आपल्याच एका जुन्या गोष्टीपासून करूं. पंचतंत्रांत ती आहे आणि हितोपदेशांतहि आहे. एक ब्राह्मण यज्ञासाठीं बोकड घेऊन, तो खांद्यावर टाकून घरीं निघाला होता. तीन ठकांनीं त्याला पाहिलें. वाटेवर एकएका कोसाच्या अंतरानें ते तिघे तीन झाडांखालीं जाऊन बसले. पहिला म्हणाला, 'महाराज, हा कुत्रा खांद्यावर कशाला?' ब्राह्मण त्याच्यावर रागावून पुढें गेला. दुसऱ्यानें तोच प्रश्न विचारला, तेव्हां ब्राह्मणानें बोकड खालीं ठेवून नीट पाहिला आणि पुन्हा उचलला. तिसऱ्यानेंहि तेंच म्हटल्यावर आपलीच दृष्टि फिरली असें त्याला वाटलें. बोकड टाकून, स्नान करून तो घरीं गेला, आणि ठकांनीं बोकड फस्त केला.

ही गोष्ट आपण लहानपणीं ऐकतों आणि ब्राह्मणाला हंसतों. पण तिच्यांतील एका बारकाव्याकडे आपलें लक्ष जात नाहीं. तिघे ठक एकाच झाडाखालीं कां बसले नाहींत? एकत्र बसलेल्या तिघांचें म्हणणें ब्राह्मणानें एकाच टोळीचें म्हणून उडवून लावलें असतें. मध्यें एक एक कोस होता म्हणून तीं त्याला तीन निराळ्या माणसांचीं तीन निराळीं मतें वाटलीं. लबाडीचें सारें बळ त्या तीन कोसांत होतें. आज मला जें सांगावयाचें आहे त्याचें बीज येथेंच आहे.

आतां या झाडांखालून आपण इंग्लंडांत, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चरणांतील लंडन शहरीं जाऊं. छापील स्तुतीचा धंदा तेथें त्या काळीं चांगलाच भरभराटीस आला होता. त्याचें नांव त्यापूर्वींच रूढ झालें होतें. फुंकर मारून वस्तु फुगविणें या अर्थाचा 'पफ' हा शब्द इंग्रज लोक अशा स्तुतीला लावीत. वॉरन हेस्टिंग्जविरुद्ध पार्लमेंटांत १७८७ सालीं गाजलेलें भाषण करणारा शेरिडन आपणांस इतिहासांतून ठाऊक आहे. त्यानें त्यापूर्वीं, १७७९ सालीं, 'द क्रिटिक' नांवाचें प्रहसन रंगभूमीवर आणलें. त्यांत मिस्टर पफ नांवाचें एक पात्र आहे. हा गृहस्थ खोट्या स्तुतीवर पोट भरतो आणि न्यायशास्त्र्याच्या थाटांत तिचे पांच प्रकार करून सांगतो: उघड स्तुति, आगाऊ स्तुति, आडून केलेली स्तुति, संगनमतानें केलेली स्तुति आणि केवळ सूचनेनें साधलेली स्तुति. प्रेक्षक हंसले. पण हंसण्यानें धंदा बंद पडत नाहीं. तो उलट वाढत गेला.

तो वाढण्यास कारणें होतीं. त्या काळीं नवी इंग्रजी कादंबरी बहुधा तीन खंडांत निघे, आणि १८२० नंतर तिची किंमत साडेएकतीस शिलिंग अशी ठरून गेली. इतकें महाग पुस्तक सामान्य गृहस्थ विकत घेईना. लोक वर्गणीच्या वाचनालयांतून कादंबऱ्या आणून वाचीत, आणि वर्गणीदार जें मागतील तें पुस्तक वाचनालयें खरेदी करीत. अर्थात् पुस्तक निघतांच, किंबहुना निघण्यापूर्वींच, त्याचा गवगवा होणें प्रकाशकाला अवश्य होतें. पुस्तक चांगलें आहे हें लोकांना हळूहळू कळेल म्हणून वाट पाहण्याची सोय नव्हती.

दुसरें कारण जाहिरातीचें. १८१५ पासून १८३३ पर्यंत प्रत्येक जाहिरातीमागें सरकार साडेतीन शिलिंग कर घेई. शिवाय जाहिरात ही जाहिरात म्हणून ओळखूं येते आणि वाचक तिच्याकडे सावधपणानें पाहतो. बातमी किंवा परीक्षण यांच्याकडे तो तितक्या सावधपणानें पाहत नाहीं. तेव्हां आपल्या पुस्तकाची स्तुति जाहिरातीच्या रकान्यांतून उचलून संपादकाच्या रकान्यांत कशी न्यावी, हा चतुर प्रकाशकापुढील प्रश्न होता.

हा प्रश्न सर्वांत कुशलतेनें सोडविला तो हेन्री कोलबर्न यानें. लंडनच्या एका वर्गणीच्या वाचनालयांत त्यानें या धंद्याचे पहिले धडे घेतले होते. लोक काय मागतात आणि कां मागतात हें त्यानें जवळून पाहिलें होतें. १८१४ सालीं त्यानें 'न्यू मंथली मॅगझिन' हें मासिक काढलें. १८१७ सालीं 'लिटररी गॅझेट' हें ग्रंथपरीक्षणाचें साप्ताहिक सुरू केलें. अशा रीतीनें ज्या पेढीवर पुस्तकें तयार होत, त्याच पेढीच्या मालकाचा हात पुस्तकांना गुण देणाऱ्या पत्रांच्या तिजोरींत राहिला. एका पत्रानें स्तुति करावी, दुसऱ्यानें ती उतरून घ्यावी आणि मग दोहोंतील उतारे जाहिरातींत एकत्र छापावे! कादंबरी वाचावयास बसलेल्या गृहिणीला कोठून कळावें कीं, दोन्ही झाडांखालीं बसलेलीं माणसें एकाच घरून भाकरी खाऊन निघालीं आहेत?

कोलबर्नविषयीं बोलतांना एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. हा मनुष्य केवळ टाकाऊ माल खपविणारा नव्हता. जॉन ईव्हलिनची रोजनिशी १८१८ मध्यें आणि सॅम्युअल पीप्सची रोजनिशी १८२५ मध्यें त्यानेंच प्रथम प्रसिद्ध केली. सतराव्या शतकांतील इंग्लंड समजून घेण्यास हे दोन ग्रंथ किती उपयोगी पडले हें इतिहासाच्या अभ्यासकांस सांगावयास नको. परंतु दुर्दैव असें कीं, पीप्सच्या रोजनिशीसाठीं जो कर्णा वाजला, तोच आठवड्यांत विसरल्या जाणाऱ्या कादंबरीसाठींहि वाजे. सर्वांनाच पहिला नंबर देणाऱ्या मास्तराच्या शेऱ्यानें खऱ्या हुशार मुलाचेंहि नुकसान होतें, तसें हें झालें.

या पद्धतीचा एक नमुना पाहा. १८२६ सालीं कोलबर्ननें 'व्हिव्हियन ग्रे' नांवाची कादंबरी लेखकाच्या नांवाशिवाय काढली. ती निघण्यापूर्वींच वर्तमानपत्रांत लहान लहान मजकूर येऊं लागले. लेखक उच्च वर्तुळांत वावरणारा आहे, पुस्तकांतील पात्रें खऱ्या बड्या लोकांवरून घेतलेलीं आहेत, असें त्यांत सुचविलें होतें. शेरिडनच्या यादींतील आगाऊ स्तुति ती हीच. लोक पुस्तकावर तुटून पडले आणि कोणतें पात्र म्हणजे कोण याच्या याद्या हातोहात फिरूं लागल्या. नंतर उघड झालें कीं, लेखक हा बड्या घराण्यांतील कोणी नसून आयझॅक डिझरेली या ग्रंथकाराचा एकवीस वर्षांचा मुलगा बेंजामिन आहे. मग टीकाकारांनीं पुस्तकाबरोबरच त्या कोवळ्या लेखकाचीहि साल काढली. हा तरुण पुढें दोन वेळां इंग्लंडचा मुख्य प्रधान झाला. परंतु पुष्कळांच्या वांट्यास असें नशीब येत नाहीं. खोट्या स्तुतीचा नफा प्रकाशकाला रोख मिळतो, आणि तिचें देणें लेखकाच्या नांवावर राहतें, ही गोष्ट यांत ध्यानांत घेण्यासारखी आहे.

या साऱ्या प्रकारावर पहिला जोराचा घाव १८३० सालच्या एप्रिल महिन्यांत पडला, आणि तो घालणारा पुरुष आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. 'एडिंबरो रिव्ह्यू' या त्रैमासिकांत टॉमस बॅबिंग्टन मेकॉले यानें रॉबर्ट माँटगमेरी नांवाच्या तरुण कवीच्या कवितांचें परीक्षण लिहिलें. १८२८ सालीं निघालेल्या या कवीच्या एका धार्मिक काव्याची परीक्षणाच्या वेळीं अकरावी आवृत्ति चालू होती, इतकी त्याची वाहवा झाली होती. मेकॉलेनें कवितेचा समाचार नंतर घेतला. त्यापूर्वीं त्यानें त्या वाहवेच्या कारखान्याचीं यंत्रें वाचकांना एकएक करून दाखविलीं. प्रकाशक बहुधा एखाद्या नियतकालिकाचाहि मालक असतो. पहिली तुतारी तेथें वाजते. मग प्रकाशकाचा, लेखकाचा किंवा त्यांच्या मित्रमंडळाचा जेथें जेथें वशिला असेल तेथून तिचे प्रतिध्वनि उठतात, असें त्याचें म्हणणें होतें.

आणि श्रोतेहो, या परीक्षणाचा आरंभ त्यानें कशानें केला असेल? आपल्याच ब्राह्मणाच्या आणि तीन ठकांच्या गोष्टीनें! पंचतंत्राचें सहाव्या शतकांत इराणांत पहलवी भाषेंत भाषांतर झालें. आठव्या शतकांत त्यावरून अरबी भाषांतर झालें. तेथून युरोपच्या भाषांत या गोष्टी 'बिदपाई' किंवा 'पिल्पे' या नांवानें पसरल्या. त्या वाटेनें गेलेली ही गोष्ट मेकॉलेच्या हातीं लागली होती. मात्र वाटेंत ती उलटी झाली होती. आपल्या गोष्टींतील ब्राह्मण चांगला बोकड कुत्रा समजून टाकून देतो. मेकॉलेच्या गोष्टींतील ब्राह्मणाला पहिला ठक एक आंधळा, लंगडा कुत्रा मेंढा म्हणून दाखवितो. एवढ्यांत दुसरा व तिसरा ठक सहज वाटेनें आल्यासारखे येतात आणि त्या मेंढ्याची वाखाणणी करूं लागतात. शेवटीं ब्राह्मण तो कुत्रा विकत घेतो.

दोन्ही रूपें खरीं आहेत, असें मला वाटतें. स्तुतीच्या गोंगाटांत वाचक वाईट पुस्तक घेतो, ही मेकॉलेची गोष्ट. त्याच गोंगाटांत कोणींहि ज्याचा उच्चार केला नाहीं असें चांगलें पुस्तक तो टाकून देतो, ही आपली गोष्ट. ठकांच्या हातून होणारें नुकसान असें दुहेरी असतें.

येथें मनाला एक गोष्ट टोंचल्याशिवाय राहत नाहीं. हाच मेकॉले १८३४ सालीं हिंदुस्थानांत आला आणि १८३५ च्या फेब्रुवारींत शिक्षणाविषयींचें आपलें प्रसिद्ध टिपण त्यानें लिहिलें. युरोपियन ग्रंथालयाच्या एका फळीपुढें हिंदुस्थान व अरबस्तान येथील सर्व वाङ्मय फिकें आहे, असा शेरा त्यानें त्यांत दिला. संस्कृत व अरबी या भाषा आपणांस येत नाहींत हें त्यानें त्याच टिपणांत कबूल केलें आहे. पांच वर्षांपूर्वीं आपल्या सर्वांत धारदार लेखाची मूठ म्हणून ज्या वाङ्मयांतील गोष्ट त्यानें वापरली, तें वाङ्मय त्यानें मुळांतून न वाचतां नापास केलें. न वाचतां केलेल्या स्तुतीची त्याला इतकी चीड होती. पण न वाचतां केलेली निंदा हें तिचेंच भावंड आहे, हें त्याच्या ध्यानीं आलें नाहीं.

माँटगमेरीच्या काव्याच्या आवृत्त्या मेकॉलेच्या घावानंतरहि निघत राहिल्या. तेव्हां नुसत्या टीकेनें ही रीति मोडली नाहीं. ती मोडण्याचा खरा प्रयत्न दुसऱ्या एका माणसानें केला, आणि त्याच्याकडे जाण्यासाठीं आपणांस क्षणभर कलकत्त्यास वळलें पाहिजे.

कलकत्त्यास १८१८ सालीं जेम्स सिल्क बकिंगहॅम या इंग्रज गृहस्थानें 'कलकत्ता जर्नल' नांवाचें पत्र काढलें. कंपनी सरकारच्या कारभारावर तो निर्भयपणें टीका करी, म्हणून १८२३ सालीं हंगामी गव्हर्नर-जनरल जॉन अ‍ॅडम यानें त्याला हिंदुस्थानांतून घालवून दिलें. त्याच सालीं छापखान्यांवर निर्बंध आले आणि त्यांविरुद्ध राजा राममोहन रॉय यांनीं अर्ज केला, हा इतिहास आपण शाळेंत शिकलों आहों. या बकिंगहॅमनें लंडनांत १८२८ च्या जानेवारींत 'अथेनियम' नांवाचें साप्ताहिक काढलें. त्याला भांडवलाचें साह्य करणाऱ्यांत कोलबर्न होता! 'लिटररी गॅझेट'चा संपादक विल्यम जर्डन आपल्या लेखकांना पुरता न्याय देत नाहीं, अशी कोलबर्नची तक्रार होती. ज्यांत आपलें भांडवल त्या पत्राचा संपादकहि पुरेसा वांकत नाहीं, तेव्हां दुसरें पत्र उभें करावें, असा हा हिशेब होता. सरकारपुढें न वांकलेल्या माणसाच्या पत्रालाहि प्रकाशकाच्या पैशाचा आधार घ्यावा लागला. सत्ता दारावर थाप मारून येते आणि पैसा पाहुणा म्हणून येतो, एवढाच काय तो फरक.

बकिंगहॅमच्या हातीं तें पत्र फार दिवस राहिलें नाहीं. १८३० सालीं चार्ल्स वेंटवर्थ डिल्क हा त्याचा संपादक झाला. हा नौदलाच्या पगारखात्यांतील नोकर आणि कवि कीट्सचा स्नेही. प्रकाशक मोठा असो वा लहान, स्नेही असो वा परका, त्याच्या पुस्तकाविषयीं परीक्षकाला जें खरें वाटेल तेंच छापावयाचें, असा त्यानें निर्धार केला. प्रकाशकांच्या जाहिरातींवर पत्र जगतें आणि त्याच प्रकाशकांना दोष देतें, हें कसें चालावें, असें कोणासहि वाटलें असतें. डिल्कनें उलट १८३१ सालीं पत्राची किंमत आठ पेन्सांवरून चार पेन्सांवर आणली. प्रकाशकाच्या थैलींतून बाहेर पडावयाचें तर वाचकांची संख्या वाढली पाहिजे, हें त्यानें ओळखलें. खप वाढला आणि पत्र स्वतःच्या पायांवर उभें राहिलें. हा संपादक लेखक व प्रकाशक यांच्या बैठकींपासून व मेजवान्यांपासून बुद्ध्याच दूर राहूं लागला. काल ज्याच्या घरीं जेवलों त्याच्या पुस्तकाला आज दोष देतांना लेखणी अडखळते, हें त्याला माहीत होतें. पुढें अनेक वर्षें 'अथेनियम'च्या अभिप्रायाला इंग्लंडांत जो मान होता, त्याचें मूळ या आठवडाभराच्या एकलकोंड्या कष्टांत आहे. त्यानें तीन झाडांपैकीं एका झाडाखालीं प्रामाणिक माणूस आणून बसविला, असें म्हणावें.

आतां १८५५ सालाकडे या. त्या एकाच वर्षीं कोलबर्न वारला, बकिंगहॅम वारला आणि कवि माँटगमेरीहि वारला. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत अमेरिकेंत ब्रुकलिन येथें वॉल्ट व्हिटमन यानें 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' हा आपला कवितासंग्रह स्वतःच्या खर्चानें काढला. बारा कविता, आठशेंहून थोड्या कमी प्रती, आणि मुखपृष्ठावर किंवा आंतल्या पहिल्या पानावर कवीचें नांव नाहीं. त्याची एक प्रत त्यानें थोर विचारवंत इमर्सन यास पाठविली. इमर्सननें प्रसन्न होऊन त्याला एक खासगी पत्र लिहिलें आणि त्याच्या कार्याच्या आरंभाचें मनापासून स्वागत केलें. इमर्सनची परवानगी न घेतां तें पत्र ऑक्टोबरांत एका न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत छापून आलें. आणि पुढच्या वर्षीं निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या पाठीवर त्यांतील एक वाक्य, खालीं इमर्सनचें नांव घालून, सोनेरी अक्षरांत उमटविलें गेलें. आज आपण पुस्तकाच्या पाठीवर जे अभिप्राय वाचतों, त्यांच्या वंशावळींत या सोनेरी वाक्याची गणना पहिल्या पुरुषांत करतात.

पण एवढ्यानें भागलें नव्हतें. पुस्तक निघाल्याबरोबर व्हिटमननें स्वतःच, नांव न देतां, आपल्या पुस्तकाचीं तीन परीक्षणें लिहून तीन निरनिराळ्या पत्रांत छापविलीं. तीन झाडें, एक एक कोसाचें अंतर, आणि तिन्ही झाडांखालीं एकच माणूस!

येथें माझ्यासारख्या साध्या वाचकाची मोठी अडचण होते. व्हिटमन हा खरा मोठा कवि होता. त्याचें पुस्तक आजहि जगभर वाचलें जातें. माँटगमेरीचें नांव मात्र आज मेकॉलेच्या त्या परीक्षणामुळेंच शिल्लक आहे. माळ दोघांच्याहि गळ्यांत होती. यावरून एवढेंच ठरतें कीं, माळ पाहून गळा ओळखतां येत नाहीं. खोटी साक्ष दिल्यानें सत्य खोटें होत नाहीं. परंतु त्या साक्षीनें तें सिद्धहि होत नाहीं.

आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' १८३२ च्या जानेवारींत निघालें, म्हणजे डिल्क लंडनांत आपल्या पत्राची किंमत उतरवीत होता त्याच सुमारास. पुढें १८६७ मध्यें रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या संपादकत्वाखालीं 'विविधज्ञानविस्तार' निघालें आणि १८७४ मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं, स्वतः शिक्षक असतांना, 'निबंधमाला' सुरू केली. पुस्तकाचे गुणदोष निर्भीडपणें सांगावे हा पाठ मराठी वाचकाला अशा मासिकांनीं दिला. विष्णुशास्त्र्यांची लेखणी कोणाच्या पैशानें वांकली नाहीं. परंतु जोतीराव फुले यांच्याविषयीं त्यांनीं जें लिहिलें, तें वाचतांना आज आपणांस न्यायाची उणीव भासते. स्वतंत्रपणा ही प्रामाणिक अभिप्रायाची पहिली अट आहे, शेवटची नव्हे.

आतां माझ्या कपाटांतील पुस्तकाकडे येतों. तें पुस्तक माझेंच आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं मीं मुलांसाठीं मराठ्यांच्या इतिहासावर एक लहान पुस्तक लिहिलें, आणि एका प्रकाशकानें तें छापलें. एका साप्ताहिकांत त्याचें परीक्षण आलें. परीक्षकानें लिहिलें होतें कीं, भाषा सोपी व ओघवती आहे, परंतु सनावळींत ढोबळ चुका असल्यामुळें त्या दुरुस्त केल्याशिवाय पुस्तक मुलांच्या हातीं देऊं नये. दुसऱ्या छपाईच्या वेळीं प्रकाशकानें पाठीवर त्या परीक्षणांतील चारच शब्द घेतले: 'भाषा सोपी व ओघवती'. खालीं साप्ताहिकाचें नांव. दुसरा अभिप्राय माझ्या एका हेडमास्तर स्नेह्यानें माझ्या विनंतीवरून दिला. त्यानें पुस्तक उघडलें होतें कीं नाहीं, हें मीं कधीं विचारलें नाहीं. तिसऱ्यासाठीं जागा राहिली होती. प्रकाशक म्हणाला, 'गुरुजी, तुम्हीच दोन ओळी लिहून द्या ना. खालीं "एक शिक्षणप्रेमी" असें घालूं.' आणि मीं त्या लिहून दिल्या.

पुस्तक बऱ्यापैकीं खपलें. एके दिवशीं वर्गांत एक मुलगा उभा राहिला. त्यानें विचारलें, 'गुरुजी, शिवाजी महाराज १६८० सालीं निवर्तले ना? मग त्यांनीं जयसिंगाशीं पुरंदरचा तह १७७६ सालीं कसा केला?' पुरंदरचे तह दोन. एक १६६५ सालचा, महाराज व मिर्झा राजे जयसिंग यांच्यांतील. दुसरा १७७६ सालचा, पेशव्यांचे कारभारी व इंग्रज यांच्यांतील. माझ्या सनावळींत दोहोंची अदलाबदल झाली होती. परीक्षकानें दाखविलेल्या चुकांपैकीं ती एक होती, आणि ती तशीच पुन्हा छापली गेली होती. मीं फळ्यावर दोन्ही साल नीट लिहून दिले. मग मुलानें पुस्तक बंद केलें, पाठ माझ्याकडे करून धरली आणि अगदीं निरागसपणें म्हणाला, 'पण गुरुजी, येथें तर तिघांनींहि चांगलें म्हटलें आहे!'

त्या मुलाला मला तेव्हां सांगतां आलें नाहीं कीं, त्या तिघांपैकीं पहिल्याचें तोंड आम्हीं अर्धें दाबलें होतें, दुसऱ्यानें भिडेखातर होकार दिला होता आणि तिसरा तुझ्यापुढेंच खडू घेऊन उभा होता. पंचतंत्रांतील ती गोष्ट मीं वर्गांत कितीदां सांगितली असेल; ब्राह्मणाला हंसण्याच्या भरांत आपण झाडाखालीं कधीं जाऊन बसलों, हें मला कळलें नाहीं. पुढची छपाई मीं होऊं दिली नाहीं. पण जीं पुस्तकें घरोघर गेलीं तीं परत कशीं यावीं?

म्हणून, श्रोतेहो, प्रकाशनसंस्थेनें आपल्याविषयीं छापून आलेल्या शब्दांचा उत्सव जरूर करावा. पण त्या शब्दांबरोबर त्यांच्या पुढचें 'परंतु'हि छापण्याचें धैर्य तिच्या अंगीं असावें. आणि आपण वाचकांनीं अभिप्राय मोजूं नयेत. ते देणारे एकमेकांपासून खरोखरच एक कोस दूर आहेत कीं एकाच घरचे आहेत, एवढें विचारावें. तेंहि कळत नसेल तर खांद्यावरचें ओझें खालीं ठेवून स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें. ब्राह्मणानें एकदां तसें पाहिलें होतें आणि त्याला बोकडच दिसला होता. त्याची चूक एवढीच कीं, तिसऱ्या आवाजानंतर त्यानें स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाहीं. माझ्या वर्गांतील त्या मुलानें ठेवला. त्याचें मीं त्या दिवशीं कौतुक करावयास हवें होतें. तें राहून गेलें. आज या निमित्तानें करतों.